‘पूर्ण झाले आहे’ : गुड फ्रायडेच्या सहाव्या उद्गारावर संदेश कसा तयार करावा

गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन या वेळात अनेक मराठी मंडळ्यांमध्ये जी उपासना होते, तिच्यात येशूचे वधस्तंभावरील सात उद्गार बहुधा सात वक्त्यांना वाटून दिलेले असतात, आणि त्यांतले दोन-तीन वक्ते तरी पाळक नसून शाळेतल्या बाई, नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ किंवा तरुण संघाचा चिटणीस असतात. पुढील मजकूर अशा वक्त्यासाठी आहे, आणि तोही फक्त सहाव्या उद्गारापुरता. योहानाच्या शुभवर्तमानात एकोणिसाव्या अध्यायाच्या तिसाव्या वचनात येणारा हा उद्गार मराठीत तीन शब्दांचा आहे, ग्रीकमध्ये तो एकच शब्द आहे, ‘तेतेलेस्ताई’. इतक्या लहान वचनावर काय बोलायचे, असे आरंभी वाटते. प्रत्यक्षात ख्रिस्ताने केलेले प्रायश्चित्त पुरेसे आहे, त्यात माणसाने काही भर घालायची उरलेली नाही, हा ख्रिस्ती विश्वासाचा सगळा भार या एका शब्दावर येतो, आणि म्हणूनच तयारी नीट करावी लागते.

पहिल्यांदा हा उद्गार माझ्या वाट्याला आला तेव्हा मी बारापैकी दहा मिनिटे खिळे, काट्यांचा मुकुट आणि फटके यांच्या वर्णनात घालवली आणि ‘पूर्ण झाले’ हे अखेरच्या दोन मिनिटांत उरकले. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आले, परंतु काय पूर्ण झाले हे कोणालाही कळले नसणार, कारण ते मी सांगितलेच नव्हते. शरीराचे क्लेश पाचव्या उद्गारात आहेत, त्यागले गेल्याची वेदना चौथ्यात आहे. त्या वक्त्यांचे काम त्यांच्यावर सोडावे. सहाव्या वक्त्याने ख्रिस्ताने किती सोसले हे मोजत बसू नये, त्या सोसण्याने कोणते काम पार पडले आणि ते का पुन्हा करावे लागत नाही, हे सांगावे.

आधी वचन, मग बाकीचे

तयारीचा पहिला आठवडा केवळ वाचनासाठी ठेवावा आणि त्या आठवड्यात एकही ओळ लिहू नये. योहान १९:२८ ते ३० ही तीन वचने मोठ्याने वाचली, की लक्षात येते की तिसाव्या वचनातला शब्द अठ्ठाविसाव्या वचनातही आहे: आता सर्व पूर्ण झाले आहे हे जाणून येशू ‘मला तहान लागली आहे’ असे म्हणतो. म्हणजे हा उद्गार दमून गेलेल्या माणसाच्या तोंडून सुटलेला सुस्कारा नव्हे. जे आधी जाणले, तेच नंतर मोठ्याने सांगितले आहे. तेथून मागे यावे. चौथ्या अध्यायात शोमरोनी स्त्री गावाकडे गेल्यावर येशू शिष्यांना सांगतो, की ज्याने मला पाठवले त्याचे काम पुरे करणे हेच माझे अन्न आहे. सतराव्या अध्यायातल्या प्रार्थनेत तो पित्याला म्हणतो, की तू दिलेले काम मी पुरे केले आहे. काम दिलेले होते, ते हाती घेतले होते, ते पुरे झाले, असा धागा योहानाने स्वतःच ओढलेला आहे. वक्त्याने तो केवळ दाखवून द्यावा.

योहान आणखी एक गोष्ट करतो. आंबेने, म्हणजे आंबट द्राक्षारसाने, भरलेला स्पंज एजोबाच्या काठीवर ठेवून येशूच्या तोंडाला लावला, असे तो लिहितो, आणि एजोब हे झुडूप वल्हांडणाच्या, म्हणजे मिसर देशातून झालेल्या सुटकेच्या सणाच्या, कोकराचे रक्त दारांच्या चौकटींना लावण्यासाठी निर्गमच्या बाराव्या अध्यायात आलेले आहे. त्याच अध्यायात कोकराचे हाड मोडू नये अशी आज्ञा आहे, आणि योहान १९:३६ मध्ये ती पुन्हा ऐकू येते. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने पहिल्या अध्यायात ज्याला जगाचे पाप हरण करणारा देवाचा कोकरा म्हटले, तो येथे वल्हांडणाच्या तयारीच्या दिवशी मरत आहे. हे सर्व एकाच संदेशात सांगण्याचा मोह टाळावा. एजोब पुरेसे आहे.

क्रियापदाच्या काळाबद्दल मात्र अवश्य बोलावे, आणि त्यासाठी ग्रीक व्याकरणाचा वर्ग घेण्याची गरज नाही, कारण मराठीनेच ते काम सोपे केले आहे. ‘जेवण झाले’ म्हटले की एक घटना घडून गेली एवढेच कळते. ‘जेवण झाले आहे’ म्हटले की ती घडली आणि तिचा परिणाम या क्षणी लागू आहे, म्हणून आता आग्रह नको, हे कळते. ‘तेतेलेस्ताई’ या रूपात नेमकी हीच छटा आहे. त्या ‘आहे’वर थांबावे. ‘संपले’ हा शब्द मात्र चुकूनही वापरू नये. तेल संपते, पैसे संपतात, आयुष्य संपते, आणि संपण्यात रितेपण असते, तर येथे भरून आलेले काम आहे.

जुन्या काळी व्यापारी हिशेब चुकता झाल्यावर पावतीवर हाच शब्द लिहीत, असा दाखला आपल्याला अनेक संदेशांत ऐकायला मिळेल. तो आकर्षक आहे, पण ज्या आत्मविश्वासाने तो सांगितला जातो तितका त्याचा आधार भक्कम नाही, आणि योहानाने स्वतःच अर्थ दिलेला असताना त्याची गरजही नाही. सोडून द्यावा.

निवासमंडपात नसलेले आसन

काय पूर्ण झाले, याचे सर्वांत नेमके उत्तर इब्री लोकांस पत्रात आहे. दुसऱ्या आठवड्यात लेवीय सोळावा अध्याय आणि इब्री नऊ व दहा हे अध्याय एकापाठोपाठ, एकाच बैठकीत वाचावेत. सोळाव्या अध्यायात वर्षातून एकदा, सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी पाळायचा प्रायश्चित्ताचा दिवस आहे. त्या दिवशी महायाजक आपली नेहमीची शोभिवंत वस्त्रे बाजूला ठेवून साधी तागाची वस्त्रे घाली. आधी स्वतःच्या व आपल्या घराण्याच्या पापांसाठी गोऱ्हा अर्पण करी. मग दोन बकऱ्यांवर चिठ्ठ्या टाकून एकाचा वध करी आणि त्याचे रक्त पडद्याच्या आत नेऊन दयासनावर, म्हणजे कराराच्या कोशाच्या झाकणावर, व दयासनापुढे शिंपडी. दुसऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून लोकांची पापे कबूल करी आणि त्याला रानात सोडून देण्यात येई. पाप झाकले जाणे आणि पाप दूर नेले जाणे ही दोन चित्रे एका प्राण्यात मावत नाहीत, म्हणून बकरे दोन आहेत.

इब्री पत्राचा लेखक या विधीला खोटा ठरवत नाही, हे वक्त्याने नीट ध्यानात घ्यावे, कारण येथे यहूदी लोकांना कमी लेखणारी वाक्ये नकळत तोंडून जातात. लेखकाचे म्हणणे वेगळे आहे. हा विधी देवानेच दिला होता, पण तो दर वर्षी करावा लागत होता, आणि दर वर्षी करावा लागणे हीच त्याच्या अपुरेपणाची खूण होती. जे औषध रोज घ्यावे लागते, ते आजार आटोक्यात ठेवते, घालवत नाही. दहाव्या अध्यायाच्या आरंभी तो असा युक्तिवाद करतो, की त्या अर्पणांनी उपासक खरोखर कायमचे शुद्ध झाले असते, तर अर्पणे थांबली नसती का? उलट त्यांत दर वर्षी पापांची आठवणच होते.

याच्यासमोर तो एक शब्द पुन्हा पुन्हा ठेवतो: एकदाच. सातव्या अध्यायाच्या सत्ताविसाव्या वचनात, नवव्याच्या बाराव्या, सव्विसाव्या व अठ्ठाविसाव्या वचनांत, दहाव्याच्या दहाव्या वचनात. आपल्या पवित्र शास्त्रात या पाचही ठिकाणी पेन्सिलीने खूण करावी. नवव्या अध्यायातला त्याचा तर्क तर असा आहे, की तो ऐकताना हसू यावे: ख्रिस्ताचे अर्पण महायाजकाच्या अर्पणासारखे वारंवार करायचे असते, तर जगाच्या स्थापनेपासून त्याला कितीतरी वेळा मरावे लागले असते.

आता आसनाकडे येऊ, कारण माझ्या मते संदेशाचा कणा येथे आहे. इब्री १०:११ मध्ये प्रत्येक याजक दररोज सेवा करत उभा राहतो असे म्हटले आहे, आणि लगेच बाराव्या वचनात ख्रिस्त पापांबद्दल एकच अर्पण करून देवाच्या उजवीकडे बसला आहे असे म्हटले आहे. निर्गमात निवासमंडपाच्या, म्हणजे इस्राएल लोकांच्या उपासनेच्या तंबूच्या, साहित्याची यादी बारकाव्याने दिली आहे. होमवेदी आहे, गंगाळ आहे, दीपवृक्ष आहे, समर्पित भाकरींचे मेज आहे, धूपवेदी आहे, कोश आहे. याजकाला बसण्यासाठी काही नाही. त्याचे काम कधी संपतच नव्हते, तर बसणार कधी? स्वयंपाकघरात दिवसभर उभ्या असलेल्या बाईला हे समजावून सांगावे लागत नाही. सगळ्यांची पाने उठली, ओटा पुसला, की मग ती बसते, आणि ती बसली याचा अर्थ घरात सर्वांना कळतो.

मराठी वाचकांपुढे हा मुद्दा मांडताना दोन शंका येतात आणि त्यांची उत्तरे खिशात असावीत. पहिली शंका अशी, की निवासमंडपात ‘दयासन’ होते, मग आसन नव्हते असे कसे म्हणता? मूळ हिब्रू शब्द ‘कप्पोरेत’ हा आहे. ते कोशावरचे शुद्ध सोन्याचे झाकण होते आणि त्याचे नाव प्रायश्चित्त करणे या क्रियापदाशी जोडलेले आहे. आसन हा भाग भाषांतरातून आला. याजक त्याच्यावर बसत नसे. तो त्याच्यापुढे रक्त घेऊन उभा राही. दुसरी शंका अधिक चाणाक्ष वाचकाची: पहिल्या शमुवेलाच्या पहिल्या अध्यायात एली याजक आसनावर बसलेला आहे. होय, पण तो मंदिराच्या दाराच्या खांबाजवळ बसलेला आहे, आत सेवा करताना नव्हे. एवढे सांगून पुढे जावे.

दहाव्या अध्यायातले चौदावे वचन संदेशात शब्दशः वाचून दाखवावे, कारण ज्यांना पवित्र केले जात आहे त्यांना त्याने एकाच अर्पणाने सर्वकाळचे पूर्ण केले आहे, असे तेथे म्हटले आहे, आणि तेथले ग्रीक क्रियापद योहानाच्या क्रियापदाच्याच कुळातले, त्याच काळातले आहे. या वचनातली दोन क्रियापदे लोकांच्या कानावर वेगवेगळी पडू द्यावीत. ‘पवित्र केले जात आहे’ हे चालू आहे. ‘पूर्ण केले आहे’ हे झालेले आहे. रविवारी पाप कबूल करून सोमवारी पुन्हा त्याच पापात अडकणारा माणूस पहिल्या क्रियापदात आहे, आणि त्याला दुसरे क्रियापद ऐकण्याची फार गरज आहे.

मराठी शब्दांपाशी थबकावे

ख्रिस्ती मंडळीत वाढलेल्या वक्त्याला ‘प्रायश्चित्त’, ‘खंडणी’, ‘मध्यस्थ’ हे शब्द इतके सवयीचे झालेले असतात, की मंडळीबाहेरून आलेल्या शेजाऱ्याला ते ऐकून काय वाटत असेल याचा विचारच होत नाही. गुड फ्रायडेला तो शेजारी मागच्या बाकावर बसलेला असतो.

‘प्रायश्चित्त’ हा शब्द हिंदू धर्मशास्त्रातून आला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीचे आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त असे तीन भाग आहेत, आणि त्या परंपरेत ज्याने पाप केले त्यानेच उपवास, व्रत किंवा दान करून ते फेडायचे असते. रोजच्या मराठीतही माणूस आपल्या चुकीचे प्रायश्चित्त ‘घेतो’ किंवा ‘भोगतो’. भाषांतरकारांनी हा शब्द घेतला तेव्हा त्याचा कर्ता बदलला. पहिल्या योहानाच्या दुसऱ्या अध्यायात, तोच आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे, आणि केवळ आपल्याच नव्हे तर सर्व जगाच्या पापांबद्दल आहे, असे म्हटले आहे. येथे प्रायश्चित्त ही अपराध्याने करायची कृती राहिलेली नाही. ज्याचा अपराध झाला, त्याने पाठवलेली ती एक व्यक्ती आहे. हा फरक वक्त्याने दोन वाक्यांत तरी सांगावा, कारण तो न सांगितल्यास ऐकणारा ‘प्रायश्चित्त पुरेसे आहे’ या वाक्याचा अर्थ ‘मी केलेले प्रायश्चित्त पुरेसे आहे’ असा घेण्याचा संभव असतो, आणि मग संदेश उलटा पोहोचतो. रोमकरांस पत्राच्या ३:२५ मध्ये प्रायश्चित्तासाठी योजलेला ग्रीक शब्द ‘हिलास्तेरियोन’ इब्री ९:५ मध्ये दयासनासाठी आला आहे, हेही ज्यांना आवडेल त्यांना सांगता येईल: जेथे रक्त शिंपडले जाई ती जागा आता पडद्याआड नाही, देवाने ती सर्वांपुढे ठेवली आहे.

‘खंडणी’ची अडचण निराळी आहे. मार्क १०:४५ मध्ये मनुष्याचा पुत्र पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून देण्यास आला आहे असे आपण वाचतो, आणि त्याच दिवशीच्या वर्तमानपत्रात बिल्डरकडे खंडणी मागणाऱ्या टोळीची बातमी असते. जुन्या मराठीत खंडणी म्हणजे जिंकलेल्याकडून वसूल केलेला कर. आजच्या मराठीत ती धमकावून उकळलेली रक्कम आहे. दोन्ही अर्थांनी देव उकळणारा ठरतो, आणि मग एखादा तरुण उपासनेनंतर येऊन विचारतो, की ही रक्कम मागितली कोणी? मूळ शब्दाचा अर्थ गुलामाला किंवा बंदिवानाला सोडवण्यासाठी दिलेले मोल असा आहे. वचन वाचताना ‘खंडणी’ वाचावे, समजावताना ‘सुटकेचे मोल’ म्हणावे. ते मोल कोणाला दिले, यावर प्राचीन मंडळीत बराच खल झाला. ओरिगेनाने ते सैतानाला दिले अशा अर्थाचे लिहिले आणि नाझियान्झसच्या ग्रेगरीने तो विचार ठामपणे नाकारला. वचन त्याबद्दल बोलत नाही, आणि बारा मिनिटांत आपणही बोलू नये.

पुरेसे कशामुळे?

एका माणसाचे मरण एवढ्या लोकांना कसे पुरेल, हा प्रश्न हिशेबी वाटतो, पण प्रामाणिक आहे. उत्तर सोसण्याच्या प्रमाणात शोधू नये. त्या काळी रोमी सत्तेने हजारो माणसांना वधस्तंभावर मारले, आणि येशूच्या दोन्ही बाजूंना तेच मरण मरणारे दोघे होते. पुरेसेपण जो मरत होता त्याच्यामुळे आहे. कँटरबरीचा अँसेल्म याने १०९८ च्या सुमारास पूर्ण केलेल्या ग्रंथात हा विचार बांधेसूदपणे मांडला: फेडायचे माणसाने, पण फेडू शकतो केवळ देव, म्हणून जो दोन्ही आहे त्यानेच ते केले. पुढे थॉमस अक्विनासने ख्रिस्ताचे अर्पण पुरेसेच नव्हे तर पुरून उरणारे आहे असे म्हटले, आणि १६१८-१९ मध्ये डोर्ट येथे भरलेल्या सुधारित मंडळीच्या सभेने त्याचे मोल अमर्याद असून ते सर्व जगाच्या पापांसाठी विपुल आहे असे लिहून ठेवले. मतभेद पुरेसेपणाबद्दल नव्हता, ते कोणाला लागू होते याबद्दल होता. बाराव्या शतकातल्या पीटर लाँबार्डनेच ‘सर्वांसाठी पुरेसे, निवडलेल्यांसाठी परिणामकारक’ असा भेद केला होता.

या भेदात वक्त्याने शिरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, मेथडिस्ट, बाप्टिस्ट अशा वेगवेगळ्या वारशांचे लोक एका छताखाली आले, आणि आजही एकाच बाकावर त्या प्रश्नाची दोन उत्तरे देणाऱ्या कुटुंबांची नातवंडे बसलेली असतात. पुरेसेपण त्या सर्वांना मान्य आहे. त्यावरच बोलावे.

मिस्साचा, म्हणजे कॅथलिक मंडळीतल्या प्रभुभोजनाच्या उपासनेचा, उल्लेखही जपून करावा. वसईच्या पट्ट्यात किंवा मुंबईत अनेक घरांत एक बाजू कॅथलिक असते, आणि ‘ते रोज ख्रिस्ताला पुन्हा बळी देतात’ हे वाक्य बोलणाऱ्याला वाटते तितके न्याय्य नाही. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६२ मध्ये मिस्साला खरोखरीचे अर्पण म्हटले हे खरे आहे, परंतु तेच एक अर्पण रक्तविरहित रीतीने उपस्थित होते, दुसरे केले जात नाही, अशी कॅथलिक शिकवण आहे. अँग्लिकन प्रार्थना-पुस्तकाच्या १६६२ च्या पाठात ख्रिस्ताने ‘एकदाच’ केलेले पूर्ण, परिपूर्ण व पुरेसे अर्पण असे शब्द आले ते याच वादाच्या पार्श्वभूमीवर. वाद खरा आहे आणि तो लहानही नाही; तो गुड फ्रायडेच्या दुपारी सोडवण्याचा नाही, इतकेच.

मंडळीत विचारले जाणारे प्रश्न

उपासनेनंतर चहाच्या वेळी कोणीतरी कलस्सै १:२४ काढतेच. ख्रिस्ताच्या क्लेशांतले जे उणे आहे ते मी आपल्या देहात पुरे करत आहे, असे पौल तेथे लिहितो, आणि पुरेसेपणाच्या विरुद्ध याहून स्पष्ट वाक्य कोणते, असे वाटू शकते. त्याच पत्राचा दुसरा अध्याय त्याला दाखवावा, जेथे आपल्याविरुद्ध असलेला लेख देवाने खोडून वधस्तंभाला खिळून टाकला असे पौलच म्हणतो. १:२४ मध्ये क्लेशांसाठी जो शब्द आहे, तो ख्रिस्ताच्या प्रायश्चित्तरूप मरणासाठी नव्या करारात वापरलेला नाही. पौल शुभवर्तमान पोहोचवताना भोगाव्या लागणाऱ्या छळाबद्दल बोलत आहे. पाप फेडण्यात काही उणे नाही. ती वार्ता दूरच्या गावांपर्यंत नेण्याचे कष्ट मात्र अजून बाकी आहेत, आणि ते अंगावर घ्यावे लागतात.

‘सगळे झालेच आहे, तर कसेही वागावे का?’ हा प्रश्न पौलाला त्याच्या हयातीतच विचारला गेला आणि त्याचे उत्तर रोम सहाव्या अध्यायात आहे. तेथे संदर्भ द्यावा आणि पुढे जावे.

‘मग रोज पापांची कबुली कशाला?’ हा अधिक कोमल प्रश्न आहे, आणि तो विचारणारा बहुधा स्वतःबद्दल बोलत असतो. लूक पंधराव्या अध्यायातल्या दाखल्यात बापाची मालमत्ता उधळून बसलेला धाकटा मुलगा घरी येण्यापूर्वी एक वाक्य पाठ करतो: मला आपल्या एका मोलकऱ्याप्रमाणे ठेवा. काम करून फेडीन, असा त्याचा बेत आहे. घरी आल्यावर तो कबुली देतो, पण ते मोलकऱ्याचे वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडण्याआधीच बाप चाकरांना झगा आणायला सांगतो. कबुली राहिली, हप्ता गेला. गुड फ्रायडेला उपवास करणाऱ्यांनाही हे हळुवारपणे सांगता येईल. उपवास चांगला आहे, प्रार्थनेला मन मोकळे करणारा आहे, पण तो कर्जाचा हप्ता नव्हे. आणि मंडळीत अशी एखादी आई नक्की असते, जी मुलाच्या आजारपणाला आपल्या जुन्या पापाची शिक्षा समजून मनातल्या मनात वर्षे मोजत असते. तिच्याकडे न पाहता, तिच्यासाठी एक वाक्य लिहून ठेवावे.

दाखला कोणता घ्यावा

रेल्वेच्या पुलावरचा पहारेकरी गाडीतल्या प्रवाशांना वाचवण्यासाठी यंत्रात अडकलेल्या आपल्या मुलाचा बळी जाऊ देतो, ही गोष्ट घेऊ नये. तिच्यात मुलाला काहीच माहीत नसते. योहानाच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो, की माझा जीव कोणी माझ्यापासून घेत नाही, मी होऊन तो देतो. ज्या दाखल्यात हे मावत नाही, तो कितीही हृदयद्रावक असला तरी चुकीचा आहे. न्यायाधीश स्वतःच दंड भरतो हा दाखला त्याहून बरा, मात्र तो लांबवला की वधस्तंभ म्हणजे कोर्टातला व्यवहार एवढेच उरते.

मराठी माणसाला जवळचा आणि खरा दाखला हवा असेल तर पंडिता रमाबाईंचा घ्यावा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. शास्त्रांचे त्यांचे अध्ययन असे, की धर्माचा अभ्यास कमी पडला असे त्यांच्याबद्दल कोणी म्हणणार नाही. तरीही १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. मधल्या काळात शारदा सदन उभे राहिले होते, बालविधवांसाठीचे त्यांचे काम देशभर गाजत होते. एवढे करूनही ज्या बाईला काहीतरी राहून गेल्याची जाणीव होती, तिला ती उणीव आणखी काम करून भरता आली नाही. पुढे केडगावला त्यांनी केलेले काम आधीच्याहून मोठे होते, पण ते आता फेड म्हणून नव्हते. हा दाखला तीन मिनिटांत सांगता येतो, आणि त्यात वक्त्याला काही रंगवावे लागत नाही.

मांडणी आणि वेळ

तिसऱ्या आठवड्यात लिहायला बसावे. बारा मिनिटांसाठी साधारण बाराशे शब्द पुरतात. हातात कागद असावा, आणि तो मोठ्याने वाचून दोनदा तरी घड्याळ लावून पाहावा. मी स्वतः आरंभ ‘आहे’ या शब्दापासून करतो, तेथून योहानाच्या वचनात जातो, मग निवासमंडपात नसलेल्या आसनापाशी सर्वांत जास्त थांबतो, ‘प्रायश्चित्त’ या शब्दाचा कर्ता बदलला हे सांगतो, रमाबाईंची हकिगत सांगतो आणि इब्री १०:१४ पुन्हा वाचून थांबतो. अँसेल्म आणि डोर्ट ही नावे तयारीसाठी आहेत, व्यासपीठासाठी नव्हेत. खालून कोणी विचारले तर सांगावीत.

शेवटची प्रार्थना आधी लिहून काढावी, कारण उत्स्फूर्त प्रार्थनेत जीभ जुन्या सवयीने चालते, आणि पुरेसेपणावर बारा मिनिटे बोललेला वक्ता ‘प्रभो, आमचे हे अश्रू आमच्या पापांच्या बदल्यात मान्य करून घे’ असे बोलून जातो. मी ते ऐकले आहे. प्रार्थना उपकारस्तुतीची असावी आणि दोन-तीन वाक्यांची असावी. आत्मा पित्याच्या हाती सोपवण्याचे वचन तिच्यात आणू नये. ते सातव्या वक्त्याचे आहे.

सहाव्या वक्त्याची पाळी येईपर्यंत आधीच्या पाच जणांनी बहुतेक वेळ खाल्लेला असतो, पावणेतीन वाजलेले असतात, पंखे गरम हवा फिरवत असतात आणि पाळकसाहेब डोळ्यांनी घड्याळ दाखवतात. त्यासाठी सहा मिनिटांचा दुसरा कागद तयार ठेवावा. त्यात शब्दांच्या अर्थांची चर्चा आणि रमाबाईंची हकिगत गाळावी. ‘आहे’, एजोब, उभा याजक आणि बसलेला ख्रिस्त, चौदावे वचन आणि त्या आईसाठी लिहिलेले वाक्य एवढे ठेवावे.